डाव्या कानातलं नाव

बेरिल थरलोला जगभरातल्या चेटकिणी ओळखत होत्या. इंग्लंडातल्या श्रूझबरी गावात, तिच्या गल्लीत मात्र ती ‘ती मांजरवाली म्हातारी’ एवढीच होती. खरं तर मांजर शेजारणीचं होतं. पण चेटकीण म्हटली की लोकांना मांजर लागतंच, आणि बेरिलने लोकांचा हिरमोड कधी केला नाही. लोकांना हवं ते द्यायचं, हा तिचा जुना रोग. त्या रोगानेच पुढे तिचं घर खाल्लं.

ऑक्टोबर सरत आला होता आणि तिचा नवरा विल्फ इस्पितळात मरत होता. दुसऱ्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले होते ते डोळे, डावा हात आणि मान हलवून हो-नाही म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलं, आता फार दिवस नाहीत. बेरिल रडली नाही. त्यांच्या पंथात मरणाला रडत नाहीत. माणूस जातो, विसावा घेतो आणि पुन्हा जन्माला येतो, तोही आपल्याच माणसांत. अट एकच. शेवटचा श्वास जायच्या आत कुणीतरी त्याच्या डाव्या कानात देवीचं खरं नाव सांगावं लागतं. त्या नावाच्या खुणेने माणूस परतीची वाट ओळखतो. नाव कानात न पडता गेला, तर तो येईल कुठेतरी, कुणाच्या तरी पोटी, पण आपल्या माणसांची आणि त्याची गाठ पुन्हा पडणार नाही. लग्नाच्या आधीच दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की जो मागे राहील त्याने जाणाऱ्याच्या कानात नाव सांगायचं.

आणि बेरिल ते नाव विसरली होती.

चष्मा कुठे ठेवला हे विसरावं इतकं ते साधं नव्हतं. ते नाव तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं, वर्षानुवर्षं घासून घासून.

तरुणपणी ती पाणीखात्यात टाइपिस्ट होती, आणि विल्फ बसच्या डेपोत मिस्त्री. हेस्टर क्लेग नावाच्या बाईचं बाजारात लोकरीचं दुकान होतं. खाली स्वेटरचे नमुने आणि वर, माडीवर, चेटकिणींचा मेळा. हेस्टर त्या मेळ्याची थोरली. पडदे ओढून घ्यायचे, रॉकेलची शेगडी पेटवायची आणि अंगावरचे कपडे उतरवून ही सगळी सभ्य, कर भरणारी माणसं रिंगणात उभी राहायची. देवीला कपडे चालत नव्हते आणि श्रूझबरीच्या हवेला नागडेपणा. दोघींच्या भांडणात नॉर्मन हॅडलीची छाती दर हिवाळ्याला धरायची. नॉर्मन शाळेत सुतारकाम शिकवायचा. मेळ्यातला सगळ्यात भाविक माणूस तोच.

देवीच्या नावाचे नियम कडक होते. पुरुषाने बाईला सांगायचं, बाईने पुरुषाला. बाईने बाईला सांगितलेलं चालत नसे. कागदावर तर कधीच लिहायचं नाही, अक्षर अक्षर सुटं करूनही नाही. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, रिंगणात सगळ्यांनी मिळून ते एकदा म्हणायचं, की संपलं. हेस्टरने ते विल्फला आणि नॉर्मनला दिलं, विल्फने बेरिलला. त्याच्या मिशा कानाला लागल्या आणि बेरिल फिस्सकन हसली. हेस्टरने तिला तिथल्या तिथे झापलं, “देवी आहे ती, गुदगुल्या नाहीत!”

मग लंडनच्या एका प्रकाशकाला कुठून तरी वास लागला. पुस्तक लिहाल का, म्हणून विचारणा आली. बेरिल नाचतच दुकानात गेली. हेस्टरने लोकरीचा गुंडा वळता वळता ऐकून घेतलं.

“लिही,” ती म्हणाली. “आम्ही पोरं शिजवून खात नाही, एवढं तरी कळू दे लोकांना. पण नाव बदल. खरं नाव छापलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.”

त्या उन्हाळ्यात नवरा-बायको ब्रिक्सहमच्या बंदरावर सुट्टीला गेली होती. धक्क्यावर बसून दोघं तेलकट कागदातले मासे खात होती. पुस्तक सगळं झालं होतं, अडलं होतं ते नावापाशी. समोर एक मासेमारीची बोट लागली होती. निळा रंग उडालेला, कडेने गंज, आणि पुढच्या टोकाला पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं : तालवेना.

“तालवेना,” बेरिल बोटं चाटत म्हणाली. “कसं वाटतं?”

“अगं, मासे पकडायची बोट आहे ती!”

“मग आता माणसं पकडेल.”

विल्फ हसला. तीही हसली. दोघांनाही तेव्हा ती गंमत वाटली.

बोटीने माणसं खरोखरच पकडली. पुस्तक इंग्लंडात खपलं, मग अमेरिकेत, मग ऑस्ट्रेलियात. घरातल्या घरात रिंगण कसं आखावं, पौर्णिमेला काय म्हणावं, हे इतक्या सोप्या भाषेत आधी कुणी सांगितलंच नव्हतं. जंगलांत, समुद्रकाठी, स्वयंपाकघरांत माणसं हात वर करून तालवेनाला बोलावू लागली. तालवेनाची गाणी झाली, गळ्यातली पदकं झाली, लेकींची नावं ठेवली गेली. खरं नाव लोकरीच्या दुकानावरच्या माडीत कोंडलेलंच राहिलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हे असं.

बेरिलला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. चेटकिणींची आठवण जगाला होते ती ऑक्टोबरातच. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ती दर वर्षी कुठल्या तरी परक्या गावी, कुठल्या तरी व्यासपीठावर असे. ज्या एका दिवशी खरं नाव उच्चारायचं, नेमकं त्याच दिवशी ती हजार माणसांकडून खोटं म्हणवून घेत असे. शिवाय तिला धास्ती होती, बोलता बोलता जीभ घसरली तर? रेडिओवर खरं नाव सुटलं तर? म्हणून ते ओठांशी आलं की ती मनातल्या मनात ‘तालवेना, तालवेना’ म्हणायची, उचकी लागल्यावर पाणी प्यावं तसं. हळूहळू उचकी थांबली. शपथ पाळते आहे, असंच तिला वाटत होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

मेळा मोडला तो पहिल्याच पुस्तकानंतर. कुठल्याशा वर्तमानपत्राने पुस्तकाचा माग काढत दुकानाच्या मागच्या दाराने शिरणाऱ्यांचे फोटो छापले. त्यात नॉर्मन स्पष्ट दिसत होता. मुलांना शिकवणारा माणूस चेटकीणविद्या करतो म्हटल्यावर शाळेने त्याला घालवला. त्याने बेरिलचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. हेस्टर वारली, बाकीचे पांगले आणि एकेक करून तेही गेले. विल्फ बेरिलला एका शब्दाने बोलला नाही. तो मागच्या अंगणात कांद्याची पात लावत राहिला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी एकटाच रिंगण आखून बसत राहिला. बेरिल परगावाहून फोन करायची, “झालं का रे तुझं?” तो म्हणायचा, “झालं.”

आता तो बिछान्यात पडून तिच्याकडे बघत होता. शांतपणे बघत होता, हीच तर पंचाईत होती. त्याला खात्री होती.

त्या वॉर्डात ग्लेनिस नावाची एक वेल्श नर्स होती. ठसठशीत, बडबडी. पहिल्या दिवशी बेरिलचं आडनाव ऐकताच तिने तोंडावर हात ठेवला. गणवेशाच्या आतून साखळी ओढून पदक दाखवलं. तालवेना, चंद्रकोरीत बसलेली.

“मिसेस थरलो, तुमच्या पुस्तकाने मला जगवलं हो! माझी आई गेली ना, तेव्हा तिच्या डाव्या कानात मीच सांगितलं नाव. तुम्ही लिहिलंय अगदी तस्सं. तशी हसली बघा ती!”

बेरिल म्हणाली, “बरं केलंस.”

“आणि तुम्ही घरी गेलेल्या असताना मिस्टर थरलोंचं काही कमी-जास्त झालं, तर घोर लावून घेऊ नका. मी आहे. मी सांगीन त्यांच्या कानात.”

बिछान्यावरच्या विल्फने डोळे वटारून बेरिलकडे पाहिलं. ‘हिला आवर,’ असं ते डोळे म्हणत होते. बेरिलने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बस धरून लडलोला गेली. विल्फखेरीज खरं नाव ठाऊक असलेला जिवंत माणूस आता एकच होता. नॉर्मन हॅडली चर्चमध्ये होता. ज्या चर्चला तो एके काळी हसायचा, त्याच चर्चचा आता तो कारभारी होता. सुगीच्या सणाचे भोपळे ओट्यावरून काढून टोपलीत भरत होता. तिला पाहून त्याने भोपळा खाली ठेवला.

“आलीस होय! झाडू बाहेर लावलास का?”

“बसने आले, नॉर्मन.”

“वा! जगाची थोरली, आणि बसने?” तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिल्यावर त्याचा आवाज उतरला. “विल्फ?”

“जातोय.”

नॉर्मन बाकावर बसला. विल्फवर त्याचा जीव होता. तो म्हणाला, “मग इथे काय करतेस, बये? जा ना, सांग त्याच्या कानात. वेळ काय विचारून येते?”

“मला आठवत नाही.”

“काय आठवत नाही?”

“नाव. येतच नाही, नॉर्मन. तोंड उघडलं की तेच येतं. बोटीचं.”

नॉर्मन आधी हसला. चर्चमध्ये घुमेल इतक्या मोठ्याने हसला. “जगाला जेवू घातलंस आणि घरात ठणठणाट! माझी शाळा गेली तुझ्यापायी. बायको चार वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. आणि तू विसरलीस?”

“हो. विसरले. शिव्या दे, मार, काय करायचं ते कर. पण सांग. तू पुरुष आहेस, मी बाई आहे. नियमात बसतं.”

“मी आता ह्या घरचा आहे, बेरिल.”

“विल्फ नाहीये ह्या घरचा. तो त्याच घरात मरतोय अजून.”

हे नॉर्मनला लागलं. त्याने दार लोटून घेतलं. मग वाकून, गुडघे कुरकुरत असताना, फरशीवर बोटाने दोघांभोवती रिंगण आखलं, डावीकडून उजवीकडे, हेस्टर आखायची तसं. “विल्फसाठी देतोय,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नाही.” इतक्या वर्षांत त्याचा हात काहीच विसरला नव्हता. बेरिलला आशा वाटली. तिने डोळे मिटले. नॉर्मन तिच्या डाव्या कानाशी झुकला. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. जपून, प्रेमाने, एकेक अक्षर ओवाळावं तसं तो म्हणाला :

“तालवेना.”

बेरिलने डोळे उघडले नाहीत. “नॉर्मन,” ती म्हणाली, “ही बोट आहे.”

“कसली बोट?”

“ब्रिक्सहमची. मासे पकडायची. मी ते नाव बोटीवरून उचललं.”

“खोटं बोलू नकोस! खरं नाव छापलंस तू, म्हणून तर मी तोंड पाहिलं नाही तुझं!”

“तोंड पाहिलं नाहीस ते शाळा गेली म्हणून. नाव बदललंय हे तुलाच आधी दाखवलं होतं मी. तू म्हणालास, बरं झालं.”

नॉर्मन रागाने काही बोलायला गेला आणि थांबला. त्याचे ओठ हलायला लागले. काहीतरी चाचपावं तसे हलत राहिले. त्याच्या नातीच्या गळ्यात तेच पदक होतं, भाच्याच्या लग्नात त्याच नावाचं गाणं वाजलं होतं. इतकी वर्षं आपण काहीतरी अनमोल जपून ठेवलंय, ह्या समजुतीवर हा माणूस चर्चमधले भोपळे उचलत होता. आता तो म्हातारा, भेदरलेला दिसू लागला.

“माझ्याकडे होतं गं,” तो म्हणाला. “माझ्याकडे होतं.”

बेरिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकलाही नाही. आले नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान त्याचा समज तरी शाबूत राहिला असता. ती निघाली तेव्हा तो बाकावर बसून ओठ हलवत होता.

आता विल्फला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इस्पितळात परतल्यावर तिने खुर्ची त्याच्या डाव्या बाजूला ओढली.

“विल्फ, ऐक. मी नाव विसरलेय.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या डोळ्यांत राग येईल म्हणून ती तयार होती. राग आला नाही, भीती आली. एवढ्या आजारात जी एकदाही दिसली नव्हती ती भीती आता दिसली, आणि ती आपण आणली हे बेरिलला समजलं.

वाचा गेलेल्या रोग्यांसाठी वॉर्डात अक्षरांची पाटी असते. रोगी बोटाने एकेक अक्षर दाखवतो. बेरिलने ती ग्लेनिसकडून मागून आणली आणि त्याच्यापुढे धरली.

“दाखव. डाव्या हाताने दाखव. मी कुणाला सांगणार नाही.”

विल्फने पाटीकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. अक्षर अक्षर सुटं करूनही नाही, अशी शपथ होती.

“अरे, शपथ घेतलेली सगळी मेली! कोण विचारणार आहे तुला?”

त्याने डाव्या हाताने पाटी ढकलली. ती खाली पडली. बेरिल त्याच्यावर ओरडली. हट्टी आहेस, आयुष्यभर हट्टी होतास, तुझ्या शपथेपायी दोघंही बुडू. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पडदा ओढून घेतला. विल्फच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाटीला त्याने हात लावला नाही. तिने शपथ अक्षरशः पाळली होती, तो ती मनापासून पाळत होता. त्या दोहोंत केवढं अंतर आहे, हे तिला आज कळत होतं.

मग तिने अंदाजाने नावं म्हणायला सुरुवात केली. आठवतील तशी, जुळतील तशी. पूर्ण नाव म्हणायचं आणि त्याच्याकडे बघायचं. त्याने मान हलवायची, नाही. एखादं नाव ऐकून त्याचे डोळे क्षणभर चमकायचे, मग विझायचे. ती त्याच्याच आसपास शोधायची, आणि काही सापडायचं नाही. मधेच, नकळत, तिच्या तोंडून तालवेना निघायचं. तेव्हा तो मान जोराने हलवायचा, माशी झटकावी तशी.

“लाखो लोक म्हणतात रे ते नाव,” एकदा ती केविलवाणी होऊन म्हणाली. “इतक्यांनी इतकी वर्षं हाक मारली, तर काहीतरी ओ देत असेल ना कुणीतरी? त्या ग्लेनिसची आई हसली म्हणे.”

नाही.

तिचे पुढचे दिवस असेच गेले. ती सकाळी यायची, नावं म्हणायची, तो नाही म्हणायचा. घरी अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून निरोप येत होते. विल्फ थरलोंसाठी इथे रिंगण धरलंय, तालवेना त्यांना सांभाळो. बेरिल फोन ठेवून द्यायची. आपण हे सगळं कशासाठी केलं, हा प्रश्न ती टाळत नव्हती. उत्तर साधं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला टाळ्या आवडल्या. टाळ्यांच्या आवाजात घरात हळू आवाजात सांगितलेली एक गोष्ट ऐकू येईनाशी झाली.

शेवटच्या दिवशी दुपारी चहाची गाडी वॉर्डात खडखडत फिरत होती. विल्फचा श्वास तुटायला लागला. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. ग्लेनिसने येऊन नाडी पाहिली आणि बेरिलच्या पाठीवर हात फिरवून ती पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली.

बेरिल बिछान्यावर झुकली. तिने एक नाव म्हटलं. नाही. दुसरं म्हटलं. नाही. तिच्याकडची नावं संपली. ती त्याचा हात धरून रडायला लागली. पंथात रडत नाहीत, पण पंथ आता होता कुठे?

“मला येत नाही, विल्फ. मला माफ कर. मला येत नाही.”

तो तिच्याकडे बघत होता. भीती गेली होती. लग्नाच्या आधीपासून तो तिच्याकडे जसा बघायचा तसाच, तिचं काही बिनसलं की करायचा तसा समजूत काढणारा चेहरा करून, तो बघत राहिला. त्याने हाताने तिचा हात दाबला, एकदा आणि मग पुन्हा. ‘सांग,’ असं तो म्हणत होता. ‘सांग ना काहीतरी.’

तिच्या तोंडात एकच नाव होतं. ती त्याच्या डाव्या कानाशी गेली आणि म्हणाली, “तालवेना.”

विल्फने मान हलवली. हो.

बेरिल चटकन मागे झाली. “काय? हेच? खरंच हेच?”

हो. पुन्हा एकदा, सावकाश, तिला नीट दिसेल अशी. हो.

इतके दिवस त्याच नावाला तो माशी झटकावी तशी मान झटकत होता. शपथेसाठी पाटीला बोट न लावणारा माणूस आता, श्वास संपत आलेला असताना, तिला म्हणत होता, हेच. तिच्या जिवाला घोर राहू नये म्हणून तो खोटं बोलत होता. खरं नाव त्याच्यापाशीच होतं, शाबूत होतं, आणि तो ते घेऊन चालला होता.

“बरं,” बेरिल म्हणाली. “सापडलं हो मग.” तीही खोटं बोलली. तो थोडासा हसल्यासारखा झाला. मग पुढचा श्वास आला नाही.

ग्लेनिसने पडदा सारला. तिचे डोळे भरून आले होते. “नाव गेलं ना हो कानात वेळेवर?”

“गेलं,” बेरिल म्हणाली.

“मग काय! आता भेटतीलच तुम्हाला पुन्हा.” ग्लेनिसने विल्फचे डोळे मिटवले आणि पदकाला ओठ लावले. “चहा आणू तुमच्यासाठी?”

बेरिलने मान हलवून हो म्हटलं. विल्फ आता कधीच भेटणार नव्हता, ह्या जन्मी नाही आणि पुढच्या कुठल्याच जन्मी नाही, आणि हे सांगायला तिच्याकडे कुणी उरलं नव्हतं.